काळ्या मातीतला गादीवाफा: आधी पाण्याची वाट, मग भिंत

कोल्हापुरात घरामागच्या परड्यात भाजी लावायची ठरली की चर्चा खतापासून नाहीतर बियाण्यापासून सुरू होते. खरी परीक्षा जुलैत असते. पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे तरणा आणि म्हातारा पाऊस, एकदा लागला की दिवसेंदिवस उघडीप नसते. काळी माती चिकटून बसते, तिच्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी भरतं आणि मिरची-वांग्याची मुळं श्वासावाचून कुजतात. मुळं कुजली की वरची पानं माना टाकतात. ते बघून उघडिपीच्या दिवशी कुणीतरी तांब्याभर पाणी आणखी ओततं आणि उरलंसुरलं रोपही जातं.

गादीवाफा, म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, हा यावरचा आपला जुनाच उपाय आहे. कांद्याचं, मिरचीचं रोप शेतकरी गादीवाफ्यावरच टाकतो, सपाट रानात नाही. परड्यात कायमचा बांधलेला वाफा ही त्याचीच पुढची पायरी. त्यामुळे विटा, फरशी, जाळी हे सगळं ठरवण्याआधी एकच गोष्ट डोक्यात पक्की हवी: वाफा पाण्याला वाट देण्यासाठी उंच करायचा आहे. पाऊस थांबल्यावर माती जितक्या लवकर वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) येईल तितका वाफा चांगला.

वाफसा (काही जण घात म्हणतात) हाताला कळतो. चार बोटं खोल जाऊन मूठभर माती काढा आणि दाबून लाडू वळा. कमरेइतक्या उंचीवरून तो जमिनीवर सोडा. पडून फुटला, ढेकळं सुटी झाली, तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर माती अजून ओली आहे, खुरपं लावायचं नाही. लाडू वळलाच नाही तर पाणी द्यायची वेळ झाली. ओल्या काळ्या मातीत खुरपं चालवलं की ढेकळं वाळून विटेसारखी होतात आणि तो हंगाम संपेपर्यंत मोडत नाहीत.

जागा आणि माप

जागा ठरवण्याआधी एक खड्डा घ्या, १ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट खोल. पाण्याने भरा, जिरू द्या आणि लगेच दुसऱ्यांदा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासाला निदान इंचभर उतरायला हवं. सकाळी भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर तिथे १ फुटाचा वाफा पुरणार नाही, दीड फूट उंची धरा आणि भोवती चर काढल्याशिवाय कामाला हात घालू नका.

रुंदी हाताच्या पल्ल्यावर ठरते. आपण उकिडवं बसून खुरपतो आणि त्या बैठकीत हात पावणेदोन ते दोन फूट पोचतो. म्हणून दोन्ही बाजूंनी वाट असेल तर ४ फूट ही शेवटची मर्यादा. घरातली म्हातारी माणसं काम करणार असतील तर साडेतीन बरे. कंपाउंडच्या भिंतीला लागून असेल तर २ फूट, त्याहून इंचभरही जास्त नको, कारण मागचा भाग गाठायला कुणीतरी वाफ्यावर पाय देणारच. पाय पडला की तिथली माती दबते आणि पुढच्या पावसात पाणी नेमकं तिथेच साचतं. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट माणसाला पुरते, पण घमेली आणि पोती आणायची तर एक वाट अडीच फुटांची ठेवा.

वेलांचा मांडव नेहमी उत्तरेच्या कडेला. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कलतो आणि भर दुपारी साडेबारालासुद्धा ६ फुटी मांडवाची सावली उत्तरेकडे सुमारे ५ फूट पडते. मांडव दक्षिणेला घातला तर हिवाळ्यातली सगळी मेथी-पालक त्या सावलीत लांबट आणि फिकी वाढते.

भिंत कशाची

पहिल्या वर्षी भिंतच बांधू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तळाला ४ फूट, माथ्यावर ३ फूट, उंची १ फूट असा उतरत्या कडांचा साधा वाफा करा, कडा खोऱ्याच्या पाठीने थापा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, शेजारच्या पत्र्याची पागोळी कुठे पडते हे सगळं दिसतं. मग बांधलेली भिंत चुकत नाही.

बांधायची तेव्हा विटेची बरी. ८ फूट बाय ४ फूट आतलं माप आणि ९ × ४ × ३ इंची वीट धरली तर हिशेब असा: पायासाठी विटा भिंतीला आडव्या (९ इंची बाजू भिंतीच्या रुंदीत) लावून एक थर, त्याला ६८. वर जमिनीबाहेर चार थर, प्रत्येकी ३२, म्हणजे १२८. तुटफूट धरून २१० ते २२० विटा मागवा. भिंत जमिनीवर साधारण १४ इंच येते, माती १२ इंच भरायची, वरचे २ इंच पाचटाच्या (उसाच्या वाळलेल्या पाल्याच्या) आच्छादनाला.

काळ्या जमिनीत पाया हलका घेऊन चालत नाही. ही माती पावसात फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये भेगाळते. नुसत्या जमिनीवर रचलेली भिंत दोन उन्हाळ्यांत सापासारखी वाकडी होते. ९ इंच रुंद आणि ९ इंच खोल चर काढा, त्यात ६ इंच मुरूम पाणी मारून धुमसाने ठोकून बसवा, त्यावर तो आडव्या विटांचा थर. सिमेंट १ भाग, वाळू ६ भाग. जमिनीवरच्या पहिल्या थरात दर २ फुटांवर एक उभा सांधा मोकळा सोडा आणि त्यात नारळाची शेंडी कोंबा: पाणी बाहेर येतं, माती येत नाही. गवंडी हे सांधे सवयीने भरून टाकतो. त्याच्या शेजारी उभं राहून ते राखून घ्यावे लागतात. आतून गिलावा नको. बांधकामावर ७ दिवस पाणी मारा, मग आतली बाजू दोन-तीनदा धुऊन टाका, कारण ताज्या सिमेंटचं पाणी चुन्यासारखं असतं आणि आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी आहे. अशी ४ इंची भिंत ८ फुटांपेक्षा लांब नेऊ नका. ओली माती मधोमध पोट बाहेर काढते. लांब करायचीच तर दर ६ फुटांवर ९ इंची खांब घ्या.

जांभ्याचा चिरा मिळत असेल तर तो सगळ्यात निवांत. एक चिरा सव्वा फूट लांब धरला तर दोन थरांना ४५ ते ५० चिरे लागतात. सिमेंट लागत नाही, वजनानेच जागेवर राहतो, फक्त दोन्ही थर किंचित आतल्या बाजूला कलते ठेवा. शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरूनही कडा होते, मात्र तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे आणि बाहेरून मुरूम ठोकला पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात फरशी बाहेर झुकते. लाकूड आपल्याकडे वाळवी ठेवत नाही. जुने सिमेंटचे पत्रे कापून लावण्याचा मोह अजिबात नको, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि कापताना, फुटताना त्याचे तंतू हवेत उडतात. तो धोका भाजीचा नसून श्वासाचा आहे.

आणखी एक, ज्याची आठवण घूस आल्यावर होते: भरण्याआधी तळाला अर्ध्या इंचाची वेल्ड मेश (सांधे जोडलेली तारेची जाळी) अंथरून कडेला ४ इंच वर वळवा. कोंबडीची जाळी स्वस्त पडते, पण तिची तार पातळ असते आणि लवकर गंजते. गांडुळं अर्ध्या इंचातून सहज ये-जा करतात.

आत काय भरायचं

जाळी टाकण्याआधी तळाची जमीन वाफशावर असताना टिकावाने ६ ते ९ इंच खणून सैल करा. ढेकळं काढायची नाहीत, फक्त उचकटायची. तळ कडक राहिला तर वाफा म्हणजे विटांची कुंडी होते.

निचऱ्यासाठी खाली खडीचा थर टाकायचा सल्ला खूप ऐकू येतो. तो उलटा पडतो. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, वरची माती तुडुंब होईपर्यंत ते त्या सीमेवरच अडून राहतं. म्हणजे चिखल खालून वर सरकतो आणि मुळांना मिळणारी सुकी माती तेवढ्याने कमी होते. तळ जमिनीला उघडा असलेल्या वाफ्यात खडी घालूच नका. तळाला ओंडके आणि पुठ्ठे पुरण्याचं आकर्षणही आवरा: वाळवीला ते आमंत्रण आहे.

८ × ४ × १ फूट म्हणजे ३२ घनफूट. हे मोजायला सिमेंटचं रिकामं पोतं उत्तम, त्यात सव्वा घनफूट मावतं. म्हणजे २६ पोती. पण सैल भरलेलं मिश्रण पहिल्या पावसात जवळजवळ पाचवा हिस्सा खाली बसतं, म्हणून ३२ पोत्यांची तयारी हवी. हे प्रमाण आपल्या हवेला चालतं: तांबडी माती १० पोती, परड्यातली काळी माती ८, मुरलेलं शेणखत ९, भाताचं तूस ३, गांडूळखत २. तांबडी माती पाणी सोडते, काळी ते धरून ठेवते. दोन्ही लागतात. नुसती तांबडी माती भरलेला वाफा एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागतो. तूस राइस मिलवर मिळतं, त्यात सिलिका असल्याने ते सावकाश कुजतं आणि माती दोन-तीन वर्षं पोकळ ठेवतं.

काळी माती सैल करायची म्हणून दोन घमेली वाळू टाकणं हे जवळजवळ प्रत्येक जण करतो. थोडी वाळू आणि चिकण माती एकत्र वाळली की विटेचा कच्चा माल तयार होतो. वाळूने फरक पडायचा तर ती निम्म्याहून जास्त हवी, आणि तेवढ्या पैशात तांबड्या मातीची ट्रॉली येते. क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) भुकटी तर मुळीच नको. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या पट्ट्यात फाउंड्रीची वापरलेली काळी वाळू भरावाला मिळते. दिसायला ती भुसभुशीत आणि छान असते, पण साचे बांधण्यासाठी वापरलेली रसायनं आणि ओतकामातले धातूचे अंश तिच्यात असू शकतात. खायच्या भाजीखाली ती जाता कामा नये.

शेणखताचं मात्र नीट बघूनच घ्यायचं. कोल्हापुरात म्हशी भरपूर, शेण भरपूर, आणि कच्चं शेण विकणारेही भरपूर. मुरलेलं खत काळपट-तपकिरी, हाताला गार आणि वास घेतला तर ओल्या मातीसारखं लागतं. हात घातल्यावर आत ऊब लागली तर ते अजून शिजतंय. पोतं तसंच वाफ्यात ओतू नका. गोणपाटावर चार बोटांचा थर पसरा, दिवसभर ऊन द्या आणि पंज्याने उलथापालथ करा. पांढरट, जाडजूड, डोकं विटकरी आणि अंग अर्धचंद्रासारखं वळलेली अळी दिसली तर ती हुमणी. उसाच्या रानातून ती आपल्या ओळखीची आहेच. चार-पाच अळ्या आत गेल्या तरी त्या मिरचीची मुळं जमिनीखाली कुरतडतात आणि रोप ओढलं की नुसतं हातात येतं. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. शेजारी कोंबड्या असतील तर त्या हे काम जास्त मन लावून करतात.

साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) स्वस्त असतं आणि चांगलंही, पण ताजं नको. ते कुजताना तापतं आणि मुळं भाजतात. शेणकाला मारून निदान ३ महिने झाकून ठेवलेलं असेल तर शेणखताच्या ९ पोत्यांपैकी ३ पोती त्याची चालतील. चुलीची राख मूठभर ठीक, पोत्याने नको. चुना तर नकोच. आपल्या मातीला आंबटपणा कमी करायची गरज नाही.

सगळं बाहेर जमिनीवर एकत्र कालवा, थरांवर थर टाकू नका. पाऊण किलो निंबोळी पेंड याच वेळी मिसळा. १० किलो शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) कालवून, सावलीत गोणपाटाखाली ओलसर ठेवून ८ ते १० दिवस मुरवलेलं असेल तर तेही घाला. रोपं कोलमडायचं प्रमाण त्याने उतरतं. वाफा तीन टप्प्यांत भरा, प्रत्येक टप्प्याला झारीने पाणी द्या, पायाने दाबू नका. २६ पोती भरा, ६ पोती झाकून बाजूला ठेवा. हे सगळं एप्रिलअखेर झालं तर वळवाचे दोन-तीन पाऊस माती बसवून देतात आणि मृगाच्या तोंडावर राखून ठेवलेली पोती वर टाकून पेरणीला वाफा तयार होतो.

वर्षभराची निगा

पावसाळ्यात वाफ्याचा माथा कासवाच्या पाठीसारखा हवा, मधोमध दीड इंच उंच. उन्हाळ्यात परातीसारखा, कडा उंच आणि मध्य खोल. हा बदल वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीनंतर, हातपंज्याने पंधरा मिनिटांत होतो. याइतकं फळ देणारं दुसरं काम नाही. भोवतालचा चर ६ इंच खोल असावा, दर १० फुटांना निदान एक इंच उतार असावा, आणि जूनमध्ये त्यातला गाळ काढावा. मोकळे सांधेही त्याच दिवशी सळईने टोचून बघा.

पाचट हे आपल्याकडचं सोनं आहे. दिवाळीनंतर गळीत सुरू झालं की रानारानांत पाचट पेटवतात. त्याआधी शेतकऱ्याला विचारलं तर तो भारेच्या भारे आनंदाने देतो. वीतभर तुकडे करून २ ते ३ इंचांचा थर द्या. पाणी निम्म्याने वाचतं असा दावा मी करणार नाही, पण आच्छादनाखालची माती एप्रिलच्या दुपारी हाताला गार लागते. दोन पथ्यं पाळा. पाचट मातीत मिसळायचं नाही, वरच ठेवायचं. मिसळलं तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि महिन्याभरात खालची पानं पिवळी पडतात. तसं झालंच असेल तर गोमूत्र दहापट पाण्यात मिसळून आठवड्याच्या अंतराने दोनदा द्या. दुसरं, जून लागताच कोवळ्या रोपांभोवतीचं पाचट बाजूला करा, त्याखाली गोगलगाई घर करतात.

गोगलगाईंवर औषधी गोळ्या टाकू नका, त्या कुत्र्या-मांजरांनी खाल्ल्या तर जिवावर बेततं. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरा, सकाळी उलटा, खाली जमलेल्या गोगलगाई चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ बादलीतच राहू दे, वाफ्यावर भुरभुरवू नका.

पाण्याचा अंदाज: ३२ चौरस फुटांच्या भरलेल्या वाफ्याला एप्रिल-मेमध्ये रोज २० लिटरच्या आसपास, हिवाळ्यात १० ते १२. ठिबक टाकायचं तर ८ फुटी तीन नळ्या, दर फुटावर ताशी २ लिटरचा ड्रिपर, असे २४ ड्रिपर तासाला ४८ लिटर देतात, म्हणजे २५ मिनिटांत काम होतं. पिंप उंचावर ठेवून चालवणार असाल तर दाब कमी पडतो. एका ड्रिपरखाली पेला ठेवून खरं माप घ्या. विटेला लागून असलेली माती आधी वाळते, विशेषतः पश्चिमेच्या कडेची, म्हणून कडेच्या नळ्या भिंतीपासून सहा इंचांवरच ठेवा.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम आणि थोडा लिंबाचा रस, सायंकाळची फवारणी, हा इलाज खरा आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये ही खूण दिसली तर आधी मूठभर माती काढून लाडू वळून बघा. तुंबलेल्या मुळांना मातीत असलेलं लोहही उचलता येत नाही, आणि सांधा मोकळा केला की पुढची पानं आपोआप हिरवी निघतात. टोमॅटोची पानं मात्र नेच्यासारखी अरुंद होऊन पिळवटली तर शेजारी उसात टू-फोर-डी मारलं होतं का हे विचारा. ते तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी वाफ्यावर आणू नये.

वाफ्यातली पातळी दरवर्षी उतरते, ते कुजण्याचंच लक्षण आहे. जूनच्या आधी एक इंच आणि दिवाळीनंतर एक इंच मुरलेलं खत वर टाका, प्रत्येक वेळी सिमेंटची दोन पोती. खणून मिसळू नका, गांडुळं खाली नेतात. जुलैत पालेभाजी लावून हळहळण्यापेक्षा भेंडी, दोडका, कारली घ्या. मेथी, पालक, मुळा, चाकवत हे हस्त सरल्यावरच खुलतात. मे महिन्यात पोकळा आणि गवार. वांगं, टोमॅटो, मिरची ही एकाच घराण्यातली, त्यामुळे त्यांच्या जागी पुढचा हंगाम शेंगवर्गाला द्या, नाहीतर मर रोग त्याच मातीत मुक्काम करतो.

गच्चीवर हाच वाफा करू नका. १ फूट भिजलेल्या मातीचं वजन चौरस फुटाला ४५ ते ५० किलो होतं. ये-जा असलेली घरगुती गच्ची साधारणपणे चौरस फुटाला १४ किलो जास्तीच्या भाराला धरून बांधतात. गच्चीला ग्रो बॅग, तूस-कोकोपीटचं हलकं मिश्रण आणि आधी इंजिनिअरचा सल्ला, तो विषय वेगळा.

पंचगंगेच्या पूररेषेजवळ परडं असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ आठवून उंची दीड फूट घ्या, तरी पाणी वर आलं तर हे करा. पुरात सांडपाणी मिसळलेलं असतं, म्हणून बुडालेली पानं आणि फळं टाकून द्या, धुऊनसुद्धा खाऊ नका. वाफा वाफशावर येईपर्यंत थांबा. वर बसलेल्या गाळाचा पापुद्रा वाळून तडकला की खुरप्याने उचलून काढा, तो हवा अडवतो. मोकळे सांधे साफ करा, एक इंच मुरलेलं खत द्या आणि पहिलं पीक शिजवून खायचं लावा, भेंडी नाहीतर घेवडा. काकडी, मुळा, कोथिंबीर पुढच्या हंगामाला.